गेरहार्डसेन मंत्रिमंडळ (१९५५–६३): दीर्घ सत्तेचं श्रेय आणि किंग्ज बेचा हिशोब

वाटसरू (धागाकर्ता)

नॉर्वेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मिनिटांत गाडी तेलावर येते. पण एकोफिस्कचं तेलक्षेत्र हाती लागलं ते १९६९ मध्ये. आज आपण ज्या नॉर्वेचं कौतुक करतो त्याचा बराचसा सांगाडा त्याआधीच उभा राहिला होता. तो उभा करणाऱ्यांत मजूर पक्षाचे पंतप्रधान आयनार गेरहार्डसेन आणि त्यांचे मंत्री सर्वांत पुढे होते. गेरहार्डसेन १९४५ ते ५१, मग १९५५ ते ६३, आणि १९६३ ते ६५ असे एकूण सतरा वर्षं पंतप्रधान होते. त्यांतलं सर्वांत टिकलेलं मंत्रिमंडळ म्हणजे तिसरं, २२ जानेवारी १९५५ ते २८ ऑगस्ट १९६३. मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

माणसं कोण होती ते आधी पाहा. गेरहार्डसेन ओस्लोच्या रस्तेखात्यात मजूर होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांना ग्रिनी आणि साक्सेनहाउसेनच्या छावण्यांत ठेवलं गेलं. परराष्ट्रमंत्री हाल्वार लांगे हेही साक्सेनहाउसेनमध्ये होते. अर्थमंत्री त्रिग्वे ब्रात्तेली नाट्झवायलरच्या छावणीतून जिवंत परतले. छावणीत उजव्या आणि डाव्या पक्षांची माणसं शेजारीशेजारी झोपली होती. १९४५ मध्ये सगळ्या पक्षांनी मिळून एकच समान कार्यक्रम मान्य केला, त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे असं मला वाटतं.

१९४५ नंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच सरकारी गृहबँक, बालभत्ता आणि विद्यार्थ्यांसाठी शिक्षणकर्जाचा निधी सुरू झाला. १९४४ च्या शेवटी माघार घेताना जर्मनांनी जाळून टाकलेला, देशाच्या उत्तर टोकाचा फिनमार्क पुन्हा वसवला गेला. तिसऱ्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९५७ मध्ये, उत्पन्नाची अट न लावता सर्वांना वृद्धापकाळ पेन्शन देण्याचा कायदा झाला. १९५९ च्या कायद्याने नऊ वर्षांच्या शाळेची वाट मोकळी झाली. ही कामं एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंतच्या घाईत होत नाहीत. ब्रात्तेली एकदा अर्थ सांभाळतात, मग वाहतूक, पुढे स्वतः पंतप्रधान होतात. गुडमुंड हार्लेम सहा वर्षं समाजकल्याण बघतात, मग संरक्षण. लांगे तर जवळजवळ वीस वर्षं परराष्ट्रमंत्री होते. खातं आतून बाहेरून माहीत असलेली माणसं होती ही.

आणि शेवट कसा झाला? ५ नोव्हेंबर १९६२ ला आर्क्टिकमधल्या स्वालबार बेटांवरच्या नी-ओलेसुंद इथे किंग्ज बे या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले. चौकशी झाली, सुरक्षेतल्या त्रुटी पुढे आल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये संसदेत, म्हणजे स्तोर्टिंगमध्ये, अविश्वास ठराव ७६ विरुद्ध ७४ मतांनी मंजूर झाला. देशभर लोक रेडिओला आणि जेमतेम तीन वर्षांच्या टीव्हीला कान-डोळे लावून बसले होते. पाच दिवसांनी गेरहार्डसेन यांनी खुर्ची सोडली.

माझं म्हणणं सरळ आहे. लांब सत्ता म्हणजे सडलेली सत्ता, हे गणित इथे लागू पडत नाही. हे मंत्रिमंडळ टिकलं ते कामामुळे, आणि पडलं तेही व्यवस्था निरोगी होती म्हणून. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

उत्तररात्र

मत वेगळंच आहे, आणि ते किंग्ज बेवरूनच मांडते.

तुम्ही १९६२ चा स्फोट सांगितलात. त्याच खाणीत १९४८ मध्ये १५ माणसं गेली होती. १९५२ मध्ये ९. १९५३ मध्ये १९. म्हणजे २१ जणांच्या आधी ४३ जण. या तिन्ही वेळी सरकार मजूर पक्षाचं होतं. पहिल्या वेळी स्तोर्टिंगच्या १५० पैकी ७६ जागा त्यांच्या होत्या, नंतरच्या दोन्ही वेळी ८५. मंत्रिमंडळाला धक्का लागला का? नाही. चौथ्या वेळी सरकार पडलं, कारण १९६१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ७४ जागा मिळाल्या, बिगरसमाजवादी पक्षांनाही ७४, आणि मधल्या दोन जागा नव्या समाजवादी लोकपक्षाकडे गेल्या.

त्या दोन जागा आल्या कुठून तेही बघा. अलिप्त परराष्ट्र धोरण मागणाऱ्या आपल्याच लोकांना मजूर पक्षाने बाहेर काढलं, त्यांनी १९६१ मध्ये नवा पक्ष काढला. या नव्या पक्षाचे खासदार फिन गुस्तावसेन आणि त्यांचे एकमेव सहकारी यांच्या हातात सरकारचा जीव आला तो असा.

तेव्हा व्यवस्था निरोगी होती म्हणून सरकार पडलं, हे मला पटत नाही. बहुमत गेलं म्हणून पडलं. बहुमत असताना ४३ मृत्यूंचा राजकीय हिशोब कुणी मागू शकलं नाही. दीर्घ सत्तेवरचा आक्षेप नेमका हाच असतो. माणसं वाईट असतात असं नव्हे. त्यांना विचारणारं कुणी उरत नाही.

वाटसरू

उत्तररात्र, ४३ चा आकडा जड आहे, तो मी टाळणार नाही. पण बहुमत गेलं कसं, यात तुम्ही एक पायरी गाळलीत.

१९४९ मध्ये मजूर पक्षाला ४५.७ टक्के मतं होती आणि जागा ८५. १९५३ मध्ये मतं वाढून ४६.७ टक्के झाली आणि जागा उतरल्या ७७ वर. मधे काय झालं? जागावाटपाचं सूत्र बदललं. मोठ्या पक्षाला झुकतं माप देणारी जुनी पद्धत जाऊन मतांच्या प्रमाणाच्या जास्त जवळ जाणारी पद्धत आली. हा बदल मजूर पक्षाचंच बहुमत असताना, ओस्कार तोर्प पंतप्रधान असताना झाला. १९६१ मध्ये पक्षाला ४६.८ टक्के मतं होती. जुन्या सूत्राने त्यांना आरामात बहुमत मिळालं असतं असं मी म्हणेन. ज्या दोन मतांनी ते हरले, त्या दोन मतांना वजन यावं अशी व्यवस्था त्यांच्या स्वतःच्या पक्षाने केली होती. सत्तेला चिकटलेला पक्ष असं करत नाही.

काळी माती

मी वणी-चंद्रपूर पट्ट्यातला. घरात दोन पिढ्या कोळशात गेल्या. राजकारणाचं तुमचं चालू द्या, मला खाणीबद्दल बोलायचं आहे.

कोळशाच्या खाणीतला स्फोट सहसा एका चुकीने होत नाही. आधी वायू साठतो, म्हणजे हवा खेळवण्यात कुठेतरी ढिलाई असते. मग ठिणगी पडते. आणि त्या पहिल्या धडाक्याने बोगद्यात बसलेली कोळशाची भुकटी उडून पेटली की तो पुढच्या पुढच्या बोगद्यात धावत जातो. म्हणून भुकटीवर दगडाची पूड मारायची, ती मारली की नाही हे लिहून ठेवायचं, पाळी सुरू होण्याआधी सरदाराने, म्हणजे खाणीतल्या मुकादमाने, वायू तपासायचा. ही रोजची, कंटाळवाणी कामं आहेत. ती कोण करतं, यापेक्षा ती झाली नाहीत तर काम थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे, हे महत्त्वाचं.

किंग्ज बेमध्ये मालक सरकार. पैसा सरकारचा. कायदे करणारं आणि देखरेख ठेवणारंही सरकारच. स्वालबार तर मुख्य भूमीपासून इतकं दूर की तिथलं गाव म्हणजेच कंपनी. खासगी मालक असता तर हेच मजुरांचं सरकार त्याच्या उरावर बसलं असतं. इथे बसणार कुणाच्या उरावर? माझ्या मते दोष आठ वर्षांच्या सत्तेचाही नाही आणि बहुमताचाही नाही. मालक आणि राखणदार एकच झाले, हा दोष आहे. तो पहिल्या वर्षीही तितकाच घातक असतो.

उत्तररात्र

काळी माती, तुमचा मुद्दा मान्य. फक्त एक भर घालते. मालक आणि राखणदार वेगळे करा, असं म्हणणारं दुसरं सरकार मधे आलं असतं तर ते कदाचित वेगळे झाले असते. १९३५ पासून १९६३ पर्यंत, युद्धाचा काळ आणि १९४५ चं सर्वपक्षीय सरकार सोडलं, तर नॉर्वेत दुसऱ्या पक्षाचं सरकार आलंच नाही. फायली नव्या डोळ्यांनी कुणी उघडायच्या?

इतिहासकार येन्स आरुप साइप यांनी १९६३ मध्येच या काळाला एकपक्षीय राज्य म्हटलं होतं. निवडणुका होत्या, विरोधक होते, वर्तमानपत्रं मोकळी होती. पण खरे निर्णय पक्षाचे सचिव होकोन ली, कामगार महासंघाचे अध्यक्ष कोनराड नूरडाल आणि पंतप्रधान यांच्या वर्तुळात आधी व्हायचे आणि मग स्तोर्टिंगमध्ये यायचे, ही टीका त्या काळीही होत होती.

वाटसरूंचा निवडणूक सूत्राचा मुद्दा चांगला आहे, मला तो माहीत असूनही मी त्याला पुरेसं वजन दिलं नव्हतं. तरी त्यातून पक्षाचा मोठेपणा सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. ४५.७ टक्के मतांवर ८५ जागा ही विसंगती इतकी उघडी होती की ती सांभाळत राहणं अवघड होतं.

फ्योर्डकाठी

स्टाव्हांगरहून लिहितोय. वाटसरूंनी तेल बाजूला ठेवलं ते मला पटलं नाही, कारण तेलाची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पावलं याच मंत्रिमंडळाने टाकली.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या फिलिप्स कंपनीने नॉर्वेकडे समुद्रतळाशी तेल शोधायची परवानगी मागितली. मागणी साधी नव्हती, सगळाच पट्टा एकट्या कंपनीला हवा होता. सरकारने तो दिला नाही. ३१ मे १९६३ ला सरकारने जाहीर केलं की किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर आणि त्याखालच्या संपत्तीवर नॉर्वेच्या राज्याचा हक्क आहे. तारीख बघा. किंग्ज बेचा वणवा पेटलेला, सरकारचे तीन महिने उरलेले. मार्च १९६५ मध्ये ब्रिटनशी मधल्या समुद्राच्या वाटणीचा, मध्यरेषेचा करार झाला, एप्रिलमध्ये परवान्यांची पहिली फेरी जाहीर झाली आणि तीत समुद्रतळाच्या ७८ तुकड्यांसाठी २२ परवाने वेगवेगळ्या कंपन्यांना आणि त्यांच्या समूहांना वाटले गेले. तेव्हा गेरहार्डसेन यांचं चौथं मंत्रिमंडळ होतं. तेल सापडलं पेर बोर्तेन यांच्या बिगरसमाजवादी सरकारच्या काळात.

या शहरात राहिलं की हे रोज दिसतं. बंदरात उभ्या पुरवठा-बोटी, तेल संग्रहालयात शाळेच्या सहलींची रांग, सगळं त्या एका घोषणेवर उभं आहे. तेव्हा तळाशी काही आहे की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं. असा निर्णय घ्यायला राज्यावर विश्वास असलेली, सरकारी मालकीला न बिचकणारी माणसं लागतात.

मास्तर

फ्योर्डकाठी, घोषणेचं श्रेय द्यायलाच हवं. पण सरकारी मालकीवरच्या याच विश्वासाची दुसरी बाजू आर्थिक धोरणात दिसते.

एरिक ब्रुफोस १९४५ मध्ये अर्थमंत्री झाले, नंतर व्यापार, आणि १९५४ पासून नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख. १९६० ते ६३ अर्थमंत्री असलेले पेटर याकोब बियेर्वे सांख्यिकी विभागाचे संचालक. दोघेही राग्नार फ्रिश यांच्या विचारांत वाढलेले, तेच फ्रिश ज्यांना १९६९ मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. नियोजन आणि आकडेमोड यांवर या मंडळींची श्रद्धा होती. मू इ राना इथला सरकारी पोलाद कारखाना, ओर्दालचं ॲल्युमिनियम, वीज. गुंतवणुकीचं प्रमाण युरोपात सर्वांत वरच्यांत होतं. वाढीचा वेग मात्र ५० च्या दशकात पश्चिम युरोपच्या सरासरीच्या मागे राहिला. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन इतकी बचत केली आणि पदरात त्या मानाने कमी पडलं.

खासगी मोटारीचं उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर १९६० पर्यंत नॉर्वेत सामान्य माणसाला गाडी घ्यायला परवाना लागत असे. डॉक्टर, टॅक्सीवाला, गरज सिद्ध करू शकणारा असेल तर मिळे. पूर्व युरोपातल्या गाड्या त्यातल्या त्यात सहज मिळत. युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. परकीय चलन वाचवायचं हे कारण १९४७ मध्ये पटतं, १९५९ मध्ये तितकं पटत नाही. इतकी वर्षं तीच माणसं असली की आणीबाणीतले नियम सवयीचे होतात. सरकार बदललं असतं तर हा नियम पाच वर्षं आधी गेला असता असं माझं मत आहे.

वाटसरू

मास्तर, परवाना काढून टाकला तोही याच मंत्रिमंडळाने, हे विसरू नका. आणि त्या वाचलेल्या चलनातून यंत्रं आणि जहाजं आली. नॉर्वेचा व्यापारी जहाजांचा ताफा युद्धात निम्म्याच्या आसपास बुडाला होता. तो भरून काढायचा की मोटारी आणायच्या, असा प्रश्न असेल तर मी जहाजांच्या बाजूने आहे.

सुमेधा

इतक्या प्रतिसादांत एकाही बाईचं नाव आलं नाही, म्हणून लिहितेय.

१९४५ च्या सर्वपक्षीय सरकारात शिर्स्टेन हानस्टेन नॉर्वेच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या, कम्युनिस्ट पक्षाच्या. आसलाउग आसलान १९४८ मध्ये समाजकल्याण मंत्री झाल्या, खातं चालवणाऱ्या पहिल्या. तिसऱ्या मंत्रिमंडळात ओसे बियेर्कहोल्ट होत्या. त्यांच्यासाठी १९५६ मध्ये कुटुंब आणि ग्राहक खातं नव्याने काढलं गेलं आणि ते त्यांनी १९६५ पर्यंत सांभाळलं, मधले १९६३ च्या बिगरसमाजवादी ल्युंग सरकारचे चार आठवडे वगळता. मंत्रिमंडळात एका वेळी बाई एकच. हार्लेम यांची मुलगी ग्रू हार्लेम ब्रुन्टलान १९८६ मध्ये पंतप्रधान म्हणून आली तेव्हा अठरात आठ बायका घेतल्या. वीस-पंचवीस वर्षांत जे शक्य झालं ते आधी कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. बंद वर्तुळातून मंत्री निवडले की त्याच चेहऱ्यांची अदलाबदल होते, आणि वाटसरू ज्याला अनुभव म्हणतात त्याची ही किंमत आहे.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. युद्धाच्या काळात जर्मन सैनिकांशी लग्न केलेल्या नॉर्वेजियन बायकांचं नागरिकत्व ऑगस्ट १९४५ च्या हुकमाने काढून घेतलं गेलं. कित्येकींना जर्मनीत पाठवलं. तेव्हा पंतप्रधान गेरहार्डसेनच होते, सरकार सर्वपक्षीय होतं, म्हणजे हे पाप सगळ्यांचं. पण पुढची इतकी वर्षं सत्ता हातात असताना त्यांनी या बायकांची आणि त्यांच्या मुलांची क्षमा मागितली नाही. बायकांची क्षमा मागितली ती तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सूलबर्ग यांनी, २०१८ मध्ये. मोठ्या कामांची यादी करताना हेही त्याच वहीत लिहायला हवं.

उत्तररात्र

सुमेधा, शंभर टक्के. त्याच वहीत १९९६ चा लुन्ड आयोगाचा अहवालही जाईल. युद्धानंतर कम्युनिस्टांवर आणि डाव्यांवर बेकायदा राजकीय पाळत ठेवली गेली, आणि मजूर चळवळीतली मंडळी गुप्त पोलिसांना साथ देत होती, हे त्यात आलं. १९४५ मध्ये कम्युनिस्टांना जवळपास १२ टक्के मतं आणि ११ जागा होत्या. १९४९ मध्ये शून्य. फेब्रुवारी १९४८ च्या क्रोकरॉय इथल्या भाषणात गेरहार्डसेन यांनी कम्युनिस्टांना देशासमोरचा धोका म्हटलं. प्रागमधला कम्युनिस्टांचा सत्तापालट नुकताच झाला होता, भीती खरी होती, हे मी मानते. पण तीन-तीन दशकं फायली भरत राहण्याचं समर्थन त्या भीतीने होत नाही.

फ्योर्डकाठी

पाळतीबद्दल वाद नाही. पण याच काळाची परराष्ट्र नीती तुम्ही विरोधकही मान्य कराल. १९४९ मध्ये नाटोत जायचा निर्णय स्तोर्टिंगने १३० विरुद्ध १३ मतांनी घेतला, आणि त्याच वेळी शांततेच्या काळात परकीय सैन्याला तळ देणार नाही हेही ठरलं. डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसच्या नाटो बैठकीत गेरहार्डसेन यांनी उभं राहून सांगितलं की नॉर्वेच्या भूमीवर अण्वस्त्रांचे साठे ठेवायचा आमचा विचार नाही. लांगे यांच्यासारखा नाटोचा खंदा समर्थक आणि पक्षातले अणुविरोधक, दोघांना धरून ठेवणं सोपं नव्हतं. भारताशी असलेला एक धागाही याच काळातला. १९५२ मध्ये तोर्प पंतप्रधान आणि लांगे परराष्ट्रमंत्री असताना नॉर्वेने केरळच्या कोल्लमजवळ नींडकरा इथे मच्छीमारांसाठी प्रकल्प सुरू केला. यांत्रिक होड्या, बर्फ, दवाखाना. नॉर्वेच्या परदेशी मदतीची सुरुवातच तिथून झाली.

मास्तर

१९६० च्या मे महिन्याचं काय? सोव्हिएत हद्दीत पाडलेलं अमेरिकेचं यू-२ हेरविमान नॉर्वेच्या बूडो विमानतळावर उतरणार होतं. तळ देणार नाही म्हणणाऱ्या सरकारला त्यानंतर अमेरिकेकडे निषेध नोंदवावा लागला. जाहीर धोरण आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर होतं, आणि ते स्तोर्टिंगला कळत नव्हतं. किंग्ज बेमध्येही विरोधकांची एक तक्रार हीच होती, संसदेला पूर्ण माहिती दिली गेली नाही. मला या दोन प्रकरणांत एकच सवय दिसते.

काळी माती

एक राहिलं. उद्योगमंत्री शेल होलर जुलै १९६३ मध्येच गेले होते, अविश्वास ठरावाच्या दीड महिना आधी. त्यांच्या जागी आले त्रिग्वे ली, संयुक्त राष्ट्रांचे पहिले महासचिव. एका मंत्र्याचा राजीनामा आणि त्या खुर्चीत जगभर माहीत असलेला माणूस, एवढ्यावर प्रकरण मिटेल असा हिशोब असावा. स्तोर्टिंगने तो मानला नाही. जबाबदारी एका होलरची नाही, सगळ्या मंत्रिमंडळाची आहे, असं म्हटलं. खाणीतल्या माणसांच्या दृष्टीने मला ही त्या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्याकडे अपघातानंतर निलंबन होतं ते ओव्हरमनचं, म्हणजे खाणीत देखरेख करणाऱ्याचं.

वाटसरू

काळी माती, तुमच्या या प्रतिसादानंतर माझं मत थोडं नेमकं करतो. सरकार पडलं हे व्यवस्थेचं यश, हे म्हणणं मी सोडत नाही. पण ते यश स्तोर्टिंगचं, मंत्रिमंडळाचं नाही. मंत्रिमंडळाच्या खात्यावर पेन्शन, शाळा, गृहबँक आणि ३१ मे ची घोषणा राहील.

उत्तररात्र

आता आपण बरेच जवळ आलो. एकच मतभेद उरतो. योन ल्युंग यांचं सरकार २८ ऑगस्टला आलं आणि २५ सप्टेंबरला गेलं. चार आठवड्यांत त्यांनी काय केलं असं विचारलं जातं. त्यांनी हे दाखवलं की चार बिगरसमाजवादी पक्ष एका टेबलाशी बसून सरकार चालवू शकतात. म्हणून १९६५ मध्ये मतदारांनी मजूर पक्षाला ६८ वर आणलं आणि बोर्तेन आले. मग काय मोडलं? काहीच नाही. लोकविमा योजना, जिची तयारी गेरहार्डसेन यांच्या मंत्र्यांनी केली होती, ती १९६६ मध्ये बोर्तेन यांच्या काळात मंजूर झाली आणि १ जानेवारी १९६७ पासून लागू झाली. त्या माणसांशिवाय हे काम पुढे गेलं नसतं, या समजावर तुमचं दीर्घ सत्तेचं समर्थन उभं आहे. ते गेलं. मग सरकार १९५३ मध्येच, त्या १९ मृत्यूंनंतरच बदललं असतं, तर पेन्शन आणि शाळा झाल्याच नसत्या असं तुम्ही कशावरून म्हणता?